पलंग एक, गाद्या दोन

मराठवाड्यात नवरा-बायको संसाराची पहिली दहा-पंधरा वर्षे ज्या गादीवर झोपतात, ती बहुतेक वेळा त्या दोघांनी निवडलेली नसते. मुलीचा संसार म्हणून कपाट, पलंग आणि भांड्याकुंड्यांबरोबर ती लग्नाआधीच घेतली जाते. घेणारे वडील, मामा, काका असतात. पलंगाचे माप कागदावर लिहून नेलेले असते, आणि जालना रोडवरच्या शोरूममध्ये जाडी, कापडाचा रंग आणि हमीची वर्षे पाहून सौदा होतो. त्या गादीवर जी दोन माणसे झोपणार, त्यांची वजने काय आहेत, कोण कुशीवर झोपते, कोण पाठीवर, कोणाला रात्री उकडते, हे प्रश्न त्या खरेदीत येत नाहीत. यायला संकोचही आड येतो. पुढे ती गादी खचली आणि जोडपे स्वतः दुकानात गेले, तरी पद्धत फारशी बदलत नाही. भरल्या दुकानात, अनोळखी विक्रेत्यासमोर नवरा-बायकोने शेजारी शेजारी आडवे पडून पाहणे छत्रपती संभाजीनगरात अजून अवघडच वाटते. मग तळहाताने दोनदा दाबून गादी पसंत होते. वास्तविक तळहाताचा दाब आणि सत्तर किलोच्या माणसाचा आडवा भार यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एवढे करूनही घरी आल्यावर एकाला ती दगड वाटते आणि दुसऱ्याला चिखल. तक्रार गादीच्या कंपनीची होते, पण दोष बहुधा मागणीत असतो. दोन वेगळ्या शरीरांना सारखीच मानवेल अशी एक गादी शोधणे म्हणजे नवरा-बायकोच्या चष्म्यांच्या नंबरांची सरासरी काढून दोघांना तोच चष्मा देण्यासारखे आहे. बहुतेक जोडप्यांसाठी सरळ उत्तर एका पलंगावर दोन गाद्या हे आहे, आणि कापसाच्या गाद्यांच्या काळात इथल्या घरांमध्ये ते चालूच होते.

गादी शरीराला काय करते, तिथून सुरुवात करावी लागेल. पाठीवर आडवे झालेल्या माणसाचा भार सारखा पसरत नाही. छाती आणि नितंब हे जड भाग खाली जातात, कंबरेची पोकळी वर राहते. कुशीवर झोपणाऱ्याचा भार तर खांदा आणि खुबा या दोन लहान जागांवर एकवटतो. चांगल्या गादीने दोन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात: उंचवटे थोडे आत घ्यायचे आणि पोकळीला खालून आधार द्यायचा. गादी फार कडक असली तर खांदा आत जात नाही, कंबर अधांतरी राहते आणि दंडाला मुंग्या येऊन माणूस कूस बदलत राहतो. फार मऊ असली तर कंबरेखालचा भाग बुडतो आणि कणा झोळीसारखा वाकतो. मात्र कडक किंवा मऊ हा निव्वळ गादीचा गुण नाही. तो गादी आणि तिच्यावरचा भार यांच्यातला संबंध आहे. पंचावन्न किलोच्या कुशीवर झोपणाऱ्या बाईला जो फोम घट्ट लागतो, तोच फोम नव्वद किलोच्या पुरुषाखाली दबून थेट तळाच्या थराला टेकतो. दोघे खरेच बोलत असतात. एकाच गादीबद्दल दोन उलटी मते असली म्हणजे कोणीतरी नाजूक आणि कोणीतरी हेकट असतो, ही घराघरांतली समजूत इथेच निकालात निघते.

यावर पहिला आक्षेप जुना आणि दणकट आहे. आपली माणसे सतरंजीवर, घोंगडीवर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर झोपली, पाठ दुखली तर डॉक्टरांनीही लाकडी फळीवर झोपायला सांगितले, तेव्हा कडक गादी सर्वांना चांगली आणि बाकी सगळे लाड. ही समजूत प्रत्यक्ष तपासून पाहिली गेली आहे. स्पेनमधील डॉ. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम कडक. युरोपीय मोजपट्टीवर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. त्या पट्टीवर पहिली गादी २.३ होती, दुसरी ५.६. नव्वद दिवसांनंतर अंथरुणातले दुखणे, सकाळी उठतानाचे दुखणे आणि रोजच्या हालचालींतली अडचण या तिन्हींत मध्यम गादीवाले बरे निघाले. २००८ साली डेन्मार्कमध्ये कंबरदुखीच्या १६० रुग्णांवर पाण्याची गादी, शरीराचा आकार घेणारा फोम आणि कडक फुटॉन यांची तुलना झाली. तिथे फरक लहान होते, पण कडक गादी काही पुढे आली नाही. म्हणून ‘ऑर्थोपेडिक’ असे लिहिलेली फळीसारखी गादी पाठीला आपोआप बरी, असे मानायला आधार नाही. त्या शब्दाला बाजारात ठरलेली व्याख्याही नाही, ज्याला जशी हवी तशी गादी त्या नावाने विकता येते. जमिनीवर झोपणाऱ्या पिढीचे म्हणाल, तर ती माणसे दिवसभर उकिडवी बसत होती, वाकत होती, चालत होती. त्यांच्या पाठीचे श्रेय एकट्या सतरंजीला देता येत नाही.

मग कोणी म्हणेल, प्रश्न सुटला, दोघांसाठी मध्यम कडक गादी आणा. इथेच अभ्यास नीट वाचावा लागतो. स्पेनमधल्या त्या चाचणीने दोन ठरावीक गाद्यांची तुलना केली आणि माणसांचे सरासरी उत्तर काढले. दोन वेगळ्या वजनांची माणसे एकाच गादीवर शेजारी झोपली तर काय होते, हा तिचा विषयच नव्हता. मध्यम ही शरीराला जाणवणारी गोष्ट आहे. नव्वद किलोला मध्यम वाटेल अशी गादी पंचावन्न किलोला कडक वाटणार. त्यामुळे तो निष्कर्ष गंभीरपणे घेतला तर दोघांना मध्यम मिळावे यासाठी गाद्या वेगळ्या असणेच भाग पडते. दोघांची वजने पाच-दहा किलोंच्या आत असतील आणि झोपण्याची ढबही सारखी असेल, तर अर्थातच हा सगळा खटाटोप नको. पण तशी जोडपी भोवती मोजून पाहावीत.

दुकानात या सगळ्याला बगल देणारा एक शब्द आहे, डेन्सिटी. ‘साहेब, ही बत्तीस, ही चाळीस, चाळीसवाली कडक येते,’ असे सांगितले जाते. डेन्सिटी म्हणजे घनमीटर फोमचे किलोमधले वजन, त्यापलीकडे काही नाही. ती फोम किती टिकेल याचा बऱ्यापैकी अंदाज देते, कडकपणाचा देत नाही. चाळीस डेन्सिटीचा मऊ फोमही बनतो आणि बत्तीसचा कडकही. कडकपणा मोजायची रीत निराळी आहे: ठरावीक आकाराची गोल चकती फोममध्ये ठरावीक खोलीपर्यंत दाबायची आणि त्यासाठी लागलेला जोर नोंदवायचा. हा आकडा गिऱ्हाइकाला क्वचितच सांगितला जातो. डेन्सिटीचा दावा मात्र कोणालाही ताडून पाहता येतो, आणि त्यासाठी साधा वजनकाटा पुरतो. सहा बाय पाच फुटांच्या, सहा इंच जाडीच्या गादीचे आकारमान सुमारे ०.४२ घनमीटर भरते. ती पूर्ण चाळीस डेन्सिटीच्या फोमची असेल, तर नुसता फोमच जवळपास १७ किलो भरला पाहिजे. बत्तीसची असेल तर साडेतेरा किलो. कापडी खोळीचे वजन वर वेगळे. चाळीस म्हणून घेतलेली गादी खोळीसकट बारा किलो भरत असेल, तर बोलायला जागा आहे. अर्थात आजकालच्या बऱ्याच गाद्या थरांच्या असतात. वर इंच-दीड इंच भारी फोम, खाली हलका, आणि जाहिरातीत बोलतो तो फक्त वरचा थर. म्हणून विचारायचे ते असे: कोणता थर किती इंचांचा आणि प्रत्येकाची डेन्सिटी किती. जड माणसाला तळाचा थर महत्त्वाचा, कारण तो तिथपर्यंत पोचतो. हलक्याला वरचाच थर म्हणजे सारी गादी. पुन्हा दोघांचे हिशेब वेगळेच.

दुसरा मुद्दा हालचालीचा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांनी या शहराला पाळ्यांच्या वेळापत्रकावर जगायला लावले आहे. दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्री घरी आलेला माणूस कितीही हळू अंथरुणावर टेकला, तरी शेजारच्याला ते कळते. पहाटे पाचला डबा करायला उठणारीचे उठणे त्याला कळते. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या पँकहर्स्ट आणि हॉर्न या संशोधकांनी १९९४ साली ४६ जोडप्यांच्या मनगटांवर हालचाल टिपणारी यंत्रे बांधून हे मोजले. रात्रीच्या हालचालींपैकी साधारण एक तृतीयांश दोघांच्या एकदमच होत्या. एक हलला की दुसरा हलत होता. एकटे झोपल्यावर हालचाल कमी भरली, पण विचारल्यावर बहुतेकांनी सांगितले की जोडीदाराबरोबरच झोप चांगली लागते. २०२० साली जर्मनीत बारा तरुण जोडप्यांच्या मेंदूच्या लहरी झोपेत नोंदवल्या, तेव्हाही असेच दुपेडी चित्र दिसले. सोबत झोपलेल्या रात्री हातपाय अधिक हलले, पण स्वप्नांची झोप सुमारे दहा टक्क्यांनी वाढली आणि ती कमी तुटली. बारा जोडपी म्हणजे लहान नमुना आहे, त्यावर इमले बांधू नयेत. तरी दोन्ही निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवतात. सोबत हवी आहे, धक्के नको आहेत. वेगळ्या खोलीत झोपण्याने धक्के जातात, पण सोबतही जाते. वेगळ्या गादीने धक्के बरेच कमी होतात आणि सोबत तशीच राहते.

गादीच्या कारखानदारांनाही हे ठाऊक आहे, आणि तिसरा आक्षेप त्यांच्याकडूनच येतो. जुन्या स्प्रिंगच्या गादीत सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जोडलेल्या असत, त्यामुळे एका टोकाचा हिसका दुसऱ्या टोकाला जाई. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत बंद असते आणि शेजारणीला फारशी ओढत नाही. मेमरी फोम तर हिसका जिरवतोच. मग दोन गाद्या कशाला? हालचालीपुरते हे म्हणणे खरे आहे. चांगल्या पॉकेट स्प्रिंगच्या रुंद गादीवर शेजारचा उठलेला कळत नाही, एवढे श्रेय तिला द्यायला हवे. पण तिचा कडकपणा दोन्ही बाजूंना एकच राहतो, ती एकाच वेळी जुनी होते, आणि जड माणसाच्या बाजूला ती आधी दबते. काही वर्षांत तिच्या पृष्ठभागाला उतार येतो आणि हलका माणूस झोपेत नकळत उतरणीला घरंगळतो किंवा काठ धरून पडतो. बाजेवर झोपलेल्यांना हा अनुभव नवा नाही. सुंभ सैल पडले की मधोमध झोळ होई आणि दोघे त्यात जमा होत. बाजेचे दावण ओढून कसता येई, फोमचे तसे करता येत नाही.

मेमरी फोमचा आणखी एक हिशेब या गावात वेगळा लागतो. विमानाच्या आसनांसाठी नासाच्या एम्स संशोधन केंद्रात १९६६ साली तयार झालेला हा फोम उष्णतेने मऊ होतो आणि गारठ्याने आखडतो. तोच त्याचा गुण आहे, अंगाच्या उबेने तो शरीराचा आकार घेतो. पण छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत एकच गादी उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरीच भासते. शिवाय ती अंगाला लपेटते, त्यामुळे वारा खेळत नाही आणि घाम साचतो. नवऱ्याला पहाटे पांघरूण हवे असते आणि रजोनिवृत्तीच्या वयातल्या बायकोच्या अंगातून रात्री वाफा निघत असतात, अशी असंख्य घरे आहेत. तिथे तिच्या बाजूला कापूस, लॅटेक्स किंवा स्प्रिंग आणि त्याच्या बाजूला फोम ही वाटणी पंख्याच्या वेगावरून होणाऱ्या रोजच्या भांडणापेक्षा शहाणपणाची आहे.

कापसाच्या मुलखात हे सारे नव्याने सांगावे लागते, याची गंमत वाटते. सिल्लोड, पैठण, जालना, परभणी या पट्ट्यात घरची रुई घेऊन पिंजाऱ्याकडे जायचे, गादीपाटाचे कापड निवडायचे आणि गादी किती किलोची भरायची ते सांगायचे, ही रीत कालपरवापर्यंत होती. अजूनही ती पुरती गेलेली नाही, फक्त धुनकीच्या जागी विजेचे यंत्र आले. त्या गाद्या जवळपास नेहमी एकेरी असत, पलंग दुहेरी असला तरी. कारण तत्त्वज्ञानाचे नव्हते, सोयीचे होते. दिवसा वळकटी करून ठेवायची, उन्हाळ्यात गच्चीवर न्यायची, पावसाळ्यानंतर उन्हात घालायची, तर गादी एका माणसाला उचलता आली पाहिजे. सहा बाय पाचची कापसाची अखंड गादी दोघांनाही हलत नाही. या सोयीतूनच दोघांसाठी दोन वेगळ्या भरणीच्या गाद्या आपसूक शक्य झाल्या. आजोबांची घट्ट दाबून भरलेली, जवळजवळ टाक्यांना टाचलेली, आजीची जरा फुगीर. कापूस बसला, गोळे झाले, की टाके उसवून फक्त तेवढी गादी पुन्हा पिंजून घ्यायची. जोडीदाराची तशीच ठेवायची. कापसाचे दोषही सांगायला हवेत. तो लवकर बसतो, मधे खड्डा पडतो, ऊन दाखवले नाही तर ओल धरतो, आणि पिंजण्याचा खर्च व खटाटोप फ्लॅटमधल्या घराला झेपेनासा झाला आहे. फोम जिंकला तो उगाच नाही. पण फोम आणताना आपण साहित्य तेवढे बदलायला हवे होते. सोबत रचनाही बदलली, आणि अखंड रुंद गादी ही प्रगती समजली गेली.

दोन गाद्यांविरुद्ध सर्वांत पहिली तक्रार असते ती मधल्या फटीची. ती खरी आहे, पण सुतारकामाच्या पातळीवर सुटणारी आहे. फट पडते ती गाद्या सरकतात म्हणून. पलंगाला चारी बाजूंनी दोन-तीन इंच उंच कड असेल आणि दोन्ही गाद्या मिळून आतले माप बरोबर भरत असेल, तर सरकायला जागाच उरत नाही. दोन्हींवर मिळून एकच घट्ट बसणारी लवचीक काठांची चादर घातली, की फट हाताला लागते, अंगाला फारशी लागत नाही. दोन्हींची जाडी मात्र एकच हवी. अर्ध्या इंचाचा फरकही रात्री जाणवतो. साहित्य वेगळे असेल तर हे जास्त सांभाळावे लागते, कारण कापूस महिन्याभरात बसतो आणि लॅटेक्स वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. कापसाची गादी म्हणून इंचभर चढीच भरून घ्यावी.

फटीविषयीचा एक आक्षेप मात्र सुतारकामाने सुटत नाही. आपल्याकडे मूल आई-वडिलांच्या मधे झोपते. तान्ह्या बाळासाठी घट्ट, सपाट आणि सलग पृष्ठभाग हवा, भोवती उशा आणि जाड पांघरुणे नकोत, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो, कारण मऊ खळग्यात किंवा फटीत तोंड रुतले तर बाळाला मान वळवता येत नाही. दोन गाद्यांच्या सांध्यावर तान्हे बाळ झोपवणे धोक्याचे आहे, तिथे तडजोड नाही. पण मोठ्यांसाठी घेतलेली मऊ अखंड गादीही त्याच्यासाठी सुरक्षित नसते. त्या वर्ष-दोन वर्षांत बाळाचा पाळणा किंवा छोटी खाट पलंगाला लगटून, त्याच खोलीत असणे दोन्ही प्रकारच्या गादीवाल्यांना सारखेच लागू आहे.

यानंतर येतो वास्तूचा आक्षेप. पती-पत्नीच्या पलंगावर दोन गाद्या असल्या तर नात्यात फूट पडते, असे बरेच वास्तुसल्लागार ठामपणे सांगतात, आणि सुशिक्षित घरांतही हा मुद्दा वादाला पूर्णविराम देतो. या नियमाचे वय पाहायला हवे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत शय्या आणि आसनांवर अख्खा अध्याय आहे, आणि त्याचा भर लाकूड कोणते शुभ व माप किती यांवर आहे. अखंड रुंद गादी ही तर यंत्रावर ओतलेल्या फोमने आणलेली गोष्ट आहे. त्याआधी आपल्या घरांत दोन एकेरी गाद्याच असतील, तर हा नियम पाळणारी जोडपी त्या काळात कशी सापडायची? ज्या आजी-आजोबांच्या संसाराचे दाखले आपण देतो, ते याच कसोटीवर नापास होतील. जर्मनीत तर एका रुंद पलंगात दोन गाद्या आणि दोन स्वतंत्र पांघरुणे हीच सर्वसाधारण रीत आहे, आणि तिथे कोणी ती दुराव्याची खूण मानत नाही. याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातल्या विहारात बारा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत दगडात कोरलेले दोन ओटे आहेत. तिथे भिक्षू राहत, जोडपी नव्हेत, हे मान्य. पण खोली एक आणि झोपणारे दोन असले तर प्रत्येकाला आपली जागा द्यावी, हे कोरणाऱ्यांना सुचले होते. कडकपणाच्या बाबतीत मात्र त्यांनी तडजोड केलेली दिसत नाही.

राहिला पैसा आणि माप. तीन बाय सहाच्या दोन गाद्या मिळून सहा बाय सहा भरतात, म्हणजे दुकानात ज्याला किंग म्हणतात तेवढे. फोम तेवढाच लागतो, कापड थोडे जास्त. किमतीत फरक पडला तरी तो वसूल होतो, कारण खचलेली एकच बदलता येते. शिवाय सिडकोच्या जुन्या इमारतींच्या अरुंद जिन्यांतून एकेरी गादी उभी करून नेता येते, किंग वळवताना घाम फुटतो. अडचण सहा बाय पाचच्या पलंगांची आहे, आणि शहरातले बहुतेक पलंग तेवढेच आहेत. त्यावर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच फूट येतात, शाळकरी मुलाच्या एकेरी खाटेपेक्षाही अर्धा फूट कमी. इथे गादी फोड नाहीतर जोड, रुंदीच अपुरी आहे, आणि नवा पलंग करायचा असेल तर पैसे गादीच्या आधी रुंदीवर घालावेत. पलंग तोच ठेवायचा असेल तर तीस इंची दोन गाद्या करून घ्याव्या लागतील. कापसाचा गादीवाला हव्या मापाची भरून देतो, फोमच्या कंपन्याही मापाने कापून देतात, फक्त परत घेत नाहीत. आत सामान ठेवायचा बॉक्सचा पलंग असेल तर त्याच्या प्लायवूडला भोके पाडून घ्यावीत. कूलरच्या दमट हवेत गादीची खालची बाजू तिथे ओल धरते.

नवी गादी घ्यायची नसेल आणि तक्रार एकाचीच असेल, तर मधला मार्ग उरतो. आधी जड माणसाला पुरेल एवढी घट्ट गादी ठेवायची, आणि हलक्या माणसाच्या अर्ध्या भागावर दोन इंची लॅटेक्सचा किंवा मऊ फोमचा थर टाकायचा. मधे पायरी येते, ती मात्र इथे चालवून घ्यावी लागते. उलटे करता येत नाही. मऊ गादीवर कडक थर टाकला तरी तो गादीबरोबरच खाली वाकतो, आणि पैसे दोनदा जातात.